मोबाइल हातात आला, कामात कधी येणार?

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर अंगणवाडी सेविका बाळाचे वजन घेते, उंची मोजते. हे आकडे वेळेवर पोहोचले, तर तीव्र कुपोषित मूल लवकर लक्षात येते. म्हणूनच केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. हँडसेट सारखा हँग होतो, दुरुस्तीचा भुर्दंड आमच्यावर पडतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

‘बायका नव्याला घाबरतात’ असे म्हणणे सोपे आहे. पण व्हॉट्सॲप वापरायला कुणालाही सक्ती करावी लागली नाही. मग फरक कशात?

अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये याचे उत्तर मांडले. नवे साधन समोर आले की माणूस मनात दोन प्रश्न विचारतो: याने माझे काम सुधारेल का? आणि हे वापरायला सोपे आहे का? २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी त्यात आणखी दोन गोष्टी जोडल्या. एक, आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या माणसांचे मत. दुसरी, पाठबळ, म्हणजे चालणारे यंत्र, प्रशिक्षण आणि अडल्यावर मदत.

हीच फूटपट्टी पाड्यावर लावून पाहू. एकच माहिती वहीत आणि ॲपमध्येही भरावी लागली, तर उपयोग दिसत नाही, फक्त काम वाढते. दिवसभर पावरी नाहीतर अहिराणी बोलणाऱ्या आयांशी संवाद साधायचा आणि त्यांच्या बाळांची नावे इंग्रजीत टाइप करावी लागली, तर ते सोपे नाही. डोंगरात रेंज नसेल, तर पाठबळही संपले. शेजारच्या गावातली सेविका ‘असं कर गं ताई’ म्हणून दाखवते, तेव्हा मात्र भीती लवकर जाते.

सक्तीने ॲप भरले जाईल, पण केवळ रकाना पूर्ण करायला टाकलेला आकडा धोक्याचा असतो. कागदावर सुदृढ दिसणाऱ्या बाळाकडे मग कोण लक्ष देणार? म्हणून ॲप उघडण्याचा आदेश काढण्याआधी ते चालवणाऱ्या ताईंना विचारावे, ‘तुमचे काय अडते?’ त्या उत्तरावर बाळाचे वजन खरे नोंदले जाणे अवलंबून आहे.