समाजशास्त्र शिकून काय होणार?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. दोन वर्षांपूर्वी एक वडील मुलीला घेऊन आले. तिला बी.ए.ला समाजशास्त्र घ्यायचे होते. वडील म्हणाले, "सर, समाजात तर आपण जन्मापासून राहतोच. त्यात शिकायचं काय? आणि शिकून होणार काय?" मुलगी मान खाली घालून उभी होती.

दोन्ही प्रश्न रास्त होते.

पहिल्याचे उत्तर आम्ही असे दिले : शरीर आपलेच असते, तरी ताप का आला हे डॉक्टरला विचारावे लागते. समाजाचेही तसेच. या विषयात कुटुंब, विवाह, नातेसंबंध, जात, वर्ग, धर्म आणि शिक्षण यांचा अभ्यास असतो. पुढे खेडे आणि शहर, स्थलांतर, कामगार, स्त्रियांचे स्थान, आरोग्य, गुन्हेगारी हे विषय येतात. प्रश्नावली कशी करावी, मुलाखत कशी घ्यावी, आकडे कसे वाचावेत हेही शिकवतात.

हा विषय आपल्याला परका नाही. 'समाजशास्त्र' या अर्थाचा शब्द फ्रान्सच्या ऑगस्ट कॉम्त यांनी १८३८ च्या सुमारास रूढ केला. पण त्याच्या साडेचारशे वर्षे आधी, १३७७ मध्ये, ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा' लिहिला. टोळ्या एकत्र कशा राहतात, सत्ता का चढते आणि का ढासळते, याची कारणे त्यांनी शोधली. माणसांना बांधून ठेवणाऱ्या आपलेपणाला ते 'असबिया' म्हणत. मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. नंतर तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाढवला. पुण्यात इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवर मोठे काम केले. भारतीय मुसलमानांमधील जातीसारख्या भेदांवर इम्तियाज अहमद यांनी १९७३ मध्ये अभ्यासकांचे लेख संपादित केले. त्यातले काही वाचताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. पण आरसा दाखवणाऱ्यावर रागावून काय उपयोग?

मोजल्याशिवाय बोलले की काय होते, याचेही एक उदाहरण आहे. मुसलमानांची बहुतेक मुले मदरशातच शिकतात, असे अनेकांना वाटे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले की हे प्रमाण तीन-चार टक्केच आहे. आपल्याविषयी कोणी ना कोणी लिहीतच राहणार. ते मोजणाऱ्यांत आणि लिहिणाऱ्यांत आपली मुलेमुलीही असावीत, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा प्रश्न पोटाचा. तिथे आम्ही गोड बोललो नाही. नुसत्या बी.ए.वर नोकरी मिळणे कठीण आहे. पण पुढे बी.एड. करता येते, एम.ए. करून नेट किंवा सेट देऊन प्राध्यापक होता येते, एम.एस.डब्ल्यू. करून समाजकार्यात जाता येते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हेच शिक्षण देते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या भगिनींना इग्नूतून घरबसल्या या विषयात बी.ए. आणि एम.ए. करता येते.

वडिलांनी 'बघू' म्हटले, आणि प्रवेश घेतला.

पहिल्याच वर्षी मुलीला छोटी पाहणी करायची होती. तिने आपलाच मोहल्ला निवडला आणि प्रश्न ठरवला : दहावीनंतर मुली शाळा का सोडतात? अब्बांचे उत्तर तयार होते, "मुलींनाच आवड नसते." ती वही घेऊन बावीस घरे फिरली. आवड नाही असे दोनच घरांनी सांगितले. बाकी बहुतेक आयांचे उत्तर एकच : कॉलेज लांब आहे आणि संध्याकाळी परतायला गाडी नाही.

ती वही अब्बांनी स्वतः जमातीच्या बैठकीत नेली. मुलींसाठी मिळून एक रिक्षा लावावी, असा विषय निघाला. पैसे कोणी किती द्यायचे, यावर अजून एकमत झालेले नाही. पण 'मुलींनाच आवड नसते' हे वाक्य त्या बैठकीत पुन्हा कोणी उच्चारले नाही.

यंदाचा निकाल लागेल तेव्हा तुमच्या घरातही एखादी मुलगी मान खाली घालून उभी असेल. तिला आधी विचारा, तुला काय शोधायचे आहे?