रॅचेटनं जोर वाढत नाही

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या ट्रॅक्टर गॅरेजांना मान वर करायला सवड मिळत नाही. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, साताऱ्याकडे, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघायच्या असतात. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते. निघण्याआधी ट्रॅक्टर आणि त्यामागच्या ट्रॉल्या अख्ख्या हंगामाच्या ओढीसाठी तयार करायच्या असतात. टायर बदला, बेअरिंगला ग्रीस भरा, ब्रेक बघा. त्यासाठी चाकं उतरतात आणि पुन्हा चढतात. आणि दरवर्षी, कुठल्याही गॅरेजात उभा राहिलो तरी, तेच वाक्य माझ्या कानावर पडतं : "नट जाम हाय? मग रॅचेट घे की! त्याला जोर जास्त असतो."

नसतो. रॅचेटनं जोर रतीभरही वाढत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता सांगताना आवाज चढतो. पण हा गैरसमज हात मोडतो, म्हणून पुन्हा सांगतो.

रॅचेटचं डोकं उघडून पाहिलं तर आत फारसं काही नसतं. एक छोटं दातेरी चक्र, त्याच्या दात्यांत अडकणारी एक खिटी आणि खिटीला मागून रेटणारी स्प्रिंग. सायकलचं फ्रीव्हील ज्यानं उघडलं आहे त्याला हे नवं नाही. सायकलच्या दुकानात ज्याला 'कुत्रे' म्हणतात तीच ही खिटी. पायडल पुढं मारलं की कुत्रे दात्यांत अडकतात आणि चाक ओढतात. पायडल थांबवलं की तेच कुत्रे दात्यांवरून कटकट करत घसरतात. रॅचेटही एका बाजूला पकडतं आणि दुसऱ्या बाजूला मोकळं फिरतं. वरचा लिव्हर फिरवला की या दोन बाजूंची अदलाबदल होते. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातल्या वुडस्टॉक गावच्या जे. जे. रिचर्डसन यांनी १८६३ मध्ये अशा रॅचेट पान्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून पोलाद सुधारलं, दाते बारीक झाले, पण मूळ काम तेच राहिलं : पाना नटावरून न काढता हात मागं आणता यावा.

आता जोराचं. रॅचेटचा दांडा पाव फेरा ओढला तर नट किती फिरतो? पाव फेराच. एकास एक. यंत्रात जोर वाढायचा असेल तर त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. विहिरीवरच्या कप्प्यांची जोडी असो, जॅक असो की गिअर, हात जास्त फिरतो तेव्हाच पलीकडे वजन हलतं. खरोखर जोर वाढवणारा पाना असतो, आणि तो ट्रकवाल्यांकडे बघायला मिळतो. त्याच्या पोटात गिअर असतात, एका टोकाला हँडल असतं. ते हँडल गरागरा फिरवावं लागतं तेव्हा कुठं नट जरासा सरकतो. बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांच्या मनोऱ्यांचे जाडजूड बोल्ट आवळायला असे गिअरचे किंवा हायड्रॉलिक पाने लागतात. रॅचेटच्या पोटात असा कुठलाही गिअर नाही. आतलं दातेरी चक्र पाहून लोकांना तो गिअर वाटतो, पण ते चक्र दुसऱ्या कुठल्या चक्राला फिरवत नाही. खिटीला अडकायला जागा देणं एवढंच त्याचं काम.

मग अनुभव वेगळा का येतो? फिक्स पान्यानं न सुटलेला नट रॅचेटनं सुटला, असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. फक्त श्रेय चुकीच्या माणसाला जातं. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रॅचेटला लावलेली गोटी, म्हणजे सॉकेट, सहाही बाजूंनी धरते. त्यामुळे पाना निसटत नाही, नट गोल होत नाही आणि माणूस बिनधास्त ओढतो. शिवाय सेटमधल्या रॅचेटचा दांडा बहुतेक वेळा हातातल्या फिक्स पान्यापेक्षा लांब असतो. म्हणजे काम गोटीनं आणि लांबीनं केलं. तीच गोटी तेवढ्याच लांबीच्या साध्या दांड्याला लावा, नट तसाच सुटेल.

पुढचं पाऊल मात्र धोक्याचं आहे. रॅचेटला जोर जास्त असतो हे एकदा मनात बसलं, की हातानं न सुटलेल्या नटावर माणूस त्याच रॅचेटच्या दांड्यात पाइप घालतो. थोडा हिशेब मांडू. अर्धा इंची, म्हणजे गोटी बसते तो चौकोन चार सुती असलेल्या रॅचेटचा दांडा साधारण २५ सेंटिमीटर असतो. त्याच्या टोकाला ४० किलोचा ओढा दिला तर नटावर १० किलो-मीटरचा पीळ पडतो, म्हणजे सुमारे १०० न्यूटन-मीटर. आता मीटरभर पाइप घालून ७० किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला, तर पीळ होतो ७० किलो-मीटर. सातपट. नटाला हा पीळ कदाचित झेपेल. पण वाटेत ती खिटी आहे. आतलं चक्र अडीच सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर नुसत्या हाताच्या ओढीला दात्यांवर ८०० किलोचा दाब येतो आणि पाइपच्या ओढीला ५,६०० किलोचा. दोन-तीन भरलेल्या बैलगाड्यांचा ऊस एका नखाएवढ्या तुकड्यावर टेकवल्यासारखं आहे ते. दांडा २५ सेंटिमीटरचा ठेवला आहे तो याच हिशेबानं. माणूस हातानं जेवढं ओढेल तेवढं डोक्यानं सोसावं, म्हणून ती लांबी. पाइप घातला की कंपनीचा हिशेब संपला.

माझ्या चुलतभावाचा अंगठा असाच गेला. ट्रॉलीच्या चाकाचा नट गंजून जाम झाला होता. रॅचेट, त्यावर पाइप, आणि पाइपला दोघे जण लोंबकळलेले. खिटी सुटली तेव्हा पिस्तुलासारखा आवाज झाला. पाइप खाली आला आणि त्याचा हात पाइप आणि चेसिस यांच्यामध्ये सापडला. अंगठ्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. त्या वर्षी त्याला कोयता धरता आला नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. एकाचा हात गेला की अख्खा कोयता उभा राहतो आणि उचल मात्र डोक्यावर तशीच राहते. हे सगळं एका चुकीच्या वाक्यामुळे. नट नंतर कशानं सुटला? रात्रभर डिझेल मुरवून, सकाळी नटावर हातोडीचे चार ठोके देऊन आणि हलत्या भागाविना असलेल्या साध्या लांब दांड्यानं.

हा साधा दांडा बहुतेक सेटमध्ये असतोच. कुणी एल पाना म्हणतं, कुणी टॉमी. त्यात खिटी नाही, स्प्रिंग नाही, एकसंध पोलाद आहे. पहिला धक्का त्यानं द्यायचा. नट एकदा हलला की मग रॅचेट लावून भराभर काढायचा. परत बसवतानाही आधी हातानं दोन-तीन आटे धरायचे, मग रॅचेटनं पळवायचा, आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्यानं. या क्रमानं वापरलेलं रॅचेट वर्षानुवर्षं टिकतं.

टॉर्क पान्याचं नाव निघालं म्हणून दुसरा गैरसमज : "कटकट वाजलं की नट बसला." हाही रोज ऐकतो, आणि याचाही राग येतो. रॅचेटची कटकट हात मागं नेताना येते. ती खिटीची दात्यांवरून घसरण आहे. नट ढिला आहे की घट्ट, याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. टॉर्क पान्याचा 'कट' आवाज पुढं ओढताना येतो, ठरवलेला पीळ गाठल्यावर, आणि एकदाच. दिसायला दोन्ही हत्यारं सारखी, आवाजही सारखा, म्हणून गल्लत होते. टॉर्क पान्याच्या 'कट'वरही डोळे मिटून विसंबायचं नाही. या हत्यारांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. १० न्यूटन-मीटरच्या वरच्या नेहमीच्या 'कट' वाजणाऱ्या पान्याला त्यात अधिक-उणे ४ टक्क्यांची सूट आहे. पाना कधी तपासायचा हे वापरणाऱ्यानं स्वतः ठरवलं नसेल, तर १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यावा असं ते सांगतं. दहा वर्षं पेटीत लोळलेला टॉर्क पाना म्हणजे आवाज करणारा दांडा. आणि नट सोडवायला टॉर्क पाना वापरणारे हात तर बांधूनच ठेवावेत.

असे आणखीही गैरसमज आहेत. "जितकं आवळाल तितकं पक्कं." बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. आवळल्यावर ती केसभर ताणली जाते, आणि तो ताणच चाक धरून ठेवतो. मर्यादेपलीकडे ताणली की ती परत येत नाही. पुढच्या खड्ड्याला आटे जातात किंवा स्टड तुटतो. आपण लावलेल्या पिळातला ढोबळमानानं ९० टक्के भाग नटाच्या खालच्या आणि आट्यांच्या घर्षणात जिरतो, ताणात उतरतो तो फक्त दहावा हिस्सा. म्हणून चाकाच्या आट्यांना मनानं ग्रीस चोपडलं, तर तेवढ्याच पिळात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. किती पीळ द्यायचा आणि आटे कोरडे की ओले, हे ट्रॅक्टरसोबतच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक पेटीत ठेवा.

"जास्त दाते म्हणजे मजबूत रॅचेट." २४ दात्यांचं रॅचेट पुढचा दाता धरायला १५ अंश मागं न्यावं लागतं, ७२ दात्यांचं फक्त ५ अंश. अडचणीच्या जागेत याचा फायदा आहे, पण त्यातून मजबुती कळत नाही.

"अडॅप्टर लावला की चार सुती रॅचेटवर सहा सुती गोटी चालते." बसते, चालत नाही. पीळ सोसण्याची ताकद चौकोनाच्या बाजूच्या घनाप्रमाणे वाढते. दीडपट बाजू म्हणजे सव्वातीनपटीहून जास्त ताकद, आणि अडॅप्टर लावल्यावर तो सगळा भार बारक्या चौकोनावर येतो.

"मागचं बटण दिशा बदलायचं." दिशा लिव्हरनं बदलते. बटण गोटी सोडण्यासाठी असतं; पीटर रॉबर्ट्स या अमेरिकन तरुणानं त्याचं पेटंट १९६५ मध्ये मिळवलं.

"नट डावीकडे फिरवला की सुटतोच." काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी स्टडचं टोक बघा. अशा स्टडांवर कित्येकदा इंग्रजी 'एल' कोरलेला असतो. तो न बघता रॅचेटवर पाइप चढवणारा नट सोडवत नसतो, आवळत असतो.

आणि नट नीट आवळले तरी काम संपत नाही. नवीन बसवलेल्या चाकाचे नट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा टॉर्क पान्यानं बघावे लागतात, कारण रंग आणि गंजाचा थर दबून ताण उतरतो. धारूरच्या घाटात ट्रॉली उतरवायची असेल, तर ही तपासणी घाटाच्या वर, सपाटीला, गाडी उभी करूनच.