पाचव्या दिवसापर्यंत

सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात काजूच्या हंगामात बागेत मेलेलं माकड दिसलं, तर माणसं आता त्याच्याजवळ जात नाहीत. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला आधी कळवतात. ही सावधगिरी तो भाग मोठी किंमत मोजून शिकला आहे. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडतापाचे रुग्ण सापडले आणि पुढच्या वर्षी बांद्यात साथ पसरली. त्याआधी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तो येऊन थडकला होता. माकड मरतं तेव्हा त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि पाचोळ्यात पसरतात. काजू गोळा करायला वाकलेल्या माणसाला त्या चावतात.

मार्च १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात वानरं आणि माकडं मरू लागली, आसपासच्या गावांतली माणसंही तापाने फणफणली. पुण्यात तेव्हा रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५२ मध्ये सुरू केलेलं विषाणू संशोधन केंद्र होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. माकडं मरताहेत म्हटल्यावर शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, ही धास्ती होती. मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने पुण्याला आले. ते उंदरांच्या तान्ह्या पिल्लांच्या मेंदूत टोचले गेले. त्या काळी विषाणू पकडायचा हाच खात्रीचा मार्ग होता. काही दिवसांचं पिल्लू, सुईने टोचलेला थेंबभर द्रव, मग रोज पिंजऱ्यापाशी जाऊन कोणतं पिल्लू आईला लुचायचं थांबलं ते पाहायचं. त्यातून निघालेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. तो रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला, पण नवा होता. माकडतापाचा विषाणू तो हाच. पुढे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अनेकांनाही त्याची लागण झाली.

नव्या विषाणूंचा बहुतेक इतिहास असाच प्राण्यांच्या अंगावर लिहिलेला आहे. १९६७ मध्ये युगांडातून जर्मनीत मारबुर्ग आणि फ्रँकफुर्टला, तसंच बेलग्रेडला आफ्रिकन हिरवी माकडं पाठवली गेली. त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लसनिर्मितीसाठी हव्या होत्या. ती हाताळणारे आजारी पडले, ३१ जणांना लागण झाली आणि ७ दगावले. मारबुर्ग विषाणूची ओळख अशी झाली. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या अंगावर फोड उठले. आज ज्याला एमपॉक्स म्हणतात तो रोग माणसात पहिल्यांदा सापडला तो १९७० मध्ये, काँगोत. म्हणजे प्रयोगासाठी आणलेल्या माकडाने तो बारा वर्षं आधीच दाखवला होता.

पण रोग दाखवणं वेगळं आणि औषध पारखणं वेगळं. औषध पारखायचं तर जनावराला तो रोग माणसासारखा व्हावा लागतो, आणि तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. माणसाचा फ्लू नेहमीच्या प्रयोगप्राण्यांना होईना. १९३३ मध्ये लंडनजवळच्या मिल हिलच्या संस्थेत तो फेरेटला झाला. मुंगसासारखं दिसणारं ते लांबट जनावर तिथे कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या अभ्यासासाठी ठेवलेलं होतं. पुढे एक फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि त्याला फ्लू झाला. माणसाकडून जनावराकडे आणि जनावराकडून परत माणसाकडे, असा तो प्रवास पूर्ण झाला. कोविडचा मूळ विषाणू साध्या उंदराच्या पेशीत शिरूच शकत नव्हता. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात सार्सच्या अभ्यासासाठी माणसाचं जनुक घातलेले उंदीर तयार केले होते. सार्स संपला, उंदरांची गरज संपली, त्यांचं फक्त गोठवलेलं वीर्य शिल्लक राहिलं. २०२० मध्ये त्यातून ती जात पुन्हा उभी करावी लागली. तोवर हॅमस्टर हा हाताशी असलेला छोटा प्राणी होता. निपाह विषाणूच्या बाबतीतही उंदीर कामाचे नाहीत, तिथे हॅमस्टर, फेरेट आणि आफ्रिकन हिरवं माकड लागतं.

२०२० च्या मार्चमध्ये एनआयव्हीने कोविडचा विषाणू वेगळा केला आणि त्याच वाणावर कोव्हॅक्सिन उभी राहिली. लस माकडांवर तपासायची, तर देशात प्रयोगशाळेत वाढवलेली ऱ्हीसस माकडं नव्हती. महाराष्ट्राच्या वनखात्याच्या मदतीने नागपूर भागातून ती पकडून आणावी लागली. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारं खाणं बंद झाल्याने वस्तीजवळची माकडं जंगलात पांगली होती, त्यामुळे शोधाशोध करावी लागली. पुण्यात पाषाणच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत २० माकडांचे पाच-पाचचे चार गट केले. एका गटाला नुसतं द्रावण, बाकी तिघांना लसीचे तीन वेगळे प्रकार. दोन मात्रांत चौदा दिवसांचं अंतर, आणि दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी सगळ्यांच्या नाकात आणि श्वासनलिकेत जिवंत विषाणू. हवेचा पुरवठा असलेला पोशाख चढवून, जाड हातमोज्यांनी, भूल दिलेल्या माकडाच्या फुफ्फुसात नळी घालून नमुने काढायचे, हे तासन्‌तासांचं काम होतं. सातव्या दिवशी लस दिलेल्या माकडांच्या घशात, नाकात, फुफ्फुसात विषाणू उरला नव्हता. लस न दिलेल्यांना न्यूमोनिया झाला होता.

हे काम भारतीय विज्ञानाला भूषणावह आहे, असं मला मनापासून वाटतं. पण ३ जानेवारी २०२१ रोजी औषध महानियंत्रकांनी कोव्हॅक्सिनला आपत्कालीन परवानगी दिली, तेव्हा त्यांच्या निवेदनात माकडं आणि हॅमस्टर यांच्यावरच्या प्रयोगांचा दाखला होता, आणि २५,८०० स्वयंसेवकांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी अजून चालूच होती. पुढे तिचा निकाल ७७.८ टक्के असा चांगला आला. तरीही वीस माकडांच्या खांद्यावर तेवढं ओझं द्यायला नको होतं. त्या प्रयोगाने 'पुढे जायला हरकत नाही' एवढंच सांगितलं होतं, 'माणूस वाचेल' असं नाही. या दोन वाक्यांतलं अंतर किती मोठं असतं, ते इबोलाने दाखवलं आहे.

पश्चिम आफ्रिकेतली साथ ऐन भरात असताना, २०१४ मध्ये, 'झेडमॅप' या तीन प्रतिपिंडांच्या मिश्रणाचा निकाल प्रसिद्ध झाला. इबोला टोचलेल्या १८ ऱ्हीसस माकडांना ते दिलं होतं. काहींना तिसऱ्या दिवशी सुरू केलं, काहींना चौथ्या, काहींना थेट पाचव्या दिवशी, म्हणजे ताप चढून रक्तात विषाणू आल्यावर. अठराच्या अठरा जगली. उपचार न मिळालेली तिन्ही मेली. जगभर आशेची लाट उसळली. माणसांवरची पहिली चाचणी ७२ रुग्णांवर झाली. त्यात झेडमॅप मिळालेल्यांत २२ टक्के मृत्यू झाले, न मिळालेल्यांत ३७ टक्के. फरक दिसत होता, पण खात्रीने म्हणावं एवढा नव्हता, आणि साथ ओसरल्याने रुग्ण मिळेनासे झाले.

मग २०१८ मध्ये काँगोच्या पूर्व भागात साथ पेटली आणि 'पाम' नावाची चाचणी सुरू झाली. झेडमॅप, रेमडेसिव्हिर आणि प्रतिपिंडांची आणखी दोन औषधं, अशी चार औषधं होती; कोणत्या रुग्णाला कोणतं द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चारही औषधांनी माकडं वाचवली होती, हे इथे विसरून चालणार नाही. ६८१ रुग्णांनंतर हिशेब झाला तेव्हा झेडमॅप घेतलेल्यांतले ४९.७ टक्के दगावले होते आणि रेमडेसिव्हिर घेतलेल्यांतले ५३.१ टक्के. बाकीच्या दोन औषधांचे आकडे ३५.१ आणि ३३.५ टक्के होते. त्यांतलं एक प्रतिपिंड काँगोतल्याच किकविटच्या १९९५ च्या इबोला साथीतून बचावलेल्या माणसाच्या रक्तातून मिळवलेलं होतं. माकडांनी चौघांनाही होकार दिला होता, माणसांनी दोघांनाच दिला.

माकडं खोटं बोलली नव्हती. त्यांना विषाणू कोणत्या दिवशी, किती आणि कुठून द्यायचा हे संशोधकाने ठरवलं होतं, म्हणून 'पाचवा दिवस' हा शब्द त्यांच्या बाबतीत नेमका होता. काँगोतल्या आईला तिला लागण कधी झाली हे ठाऊक नसतं. ती आधी मलेरियाच्या गोळ्या घेते, मग गावच्या दवाखान्यात जाते, गोळीबारामुळे रस्ता बंद असेल तर घरीच थांबते. पामच्या आकड्यांत तेही दिसलं होतं. लक्षणं सुरू झाल्यापासून चाचणीत दाखल होईपर्यंत जितके दिवस गेले, त्यातल्या दर दिवसामागे मृत्यूचा धोका ११ टक्क्यांनी वाढत होता.

देवीच्या रोगावरचं टेकोव्हिरिमॅट हे याहून टोकाचं उदाहरण. देवी जगातून गेली, रुग्णच नाहीत, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याला प्राण्यांवरच्या परिणामकारकतेच्या जोरावर मान्यता दिली. २००२ पासून तिथे तशी तरतूद आहे. माकडं आणि ससे त्याने छान वाचले होते. एमपॉक्स पसरला तेव्हा साहजिकच सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. काँगोत ५९७ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २०२४ मध्ये निकाल आला, की फोड बरे व्हायला औषधाने काही फरक पडला नाही. पण औषध मिळालेले आणि न मिळालेले दोन्ही धरून मृत्यूचं प्रमाण १.७ टक्के होतं, तर त्या देशात एरवी ते ३.६ टक्क्यांच्या घरात असतं. नीट रुग्णालयात दाखल होणं, जखमांची काळजी, सकस जेवण, पाणी यांचा तो परिणाम. ही गोष्ट कुठल्याही पिंजऱ्यात दिसली नसती, कारण तिथे माकडांची देखभाल मुळात चोखच असते.

जनावरांचा नकारही ऐकायला शिकलं पाहिजे. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांसाठी आपल्याकडे औषधांच्या दुकानांत झुंबड उडाली. फ्रान्समध्ये माकडांवर ते लागण होण्याआधी आणि नंतरही देऊन पाहिलं, काही उपयोग झाला नाही. गंमत वाटावी अशी बाब म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत हेच औषध विषाणूला रोखत होतं, पण माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींत रोखत नव्हतं. योग्य पेशी निवडली असती, तर जनावराची गरजही पडली नसती. भारताने २०२३ मध्ये औषध चाचणीच्या नियमांत बदल करून प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींना जागा दिली, ती म्हणूनच महत्त्वाची. प्राण्यांवरच्या प्रयोगांबाबत भारताने याआधीही स्वतःची भूमिका घेतली आहे. दरवर्षी हजारो ऱ्हीसस माकडं इथून परदेशी जात, ती निर्यात १९७८ मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान असताना बंद झाली. वैद्यकीय कामासाठी दिलेली माकडं अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली गेल्याचं उघड झालं होतं.

होकार मिळूनही तो धूळ खात पडतो, ते मला सगळ्यात जास्त छळतं. इबोलाच्या लसीच्या एका मात्रेने माकडं वाचतात, हे २००५ मध्येच छापून आलं होतं. गरीब देशांतल्या अधूनमधून उद्‌भवणाऱ्या रोगाला बाजार नव्हता, म्हणून ती माणसांपर्यंत पोचायला साथीची वाट पाहावी लागली. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या साथीत ११,००० हून जास्त माणसं गेली. लस गिनीत २०१५ मध्ये दिली, ती रुग्णाच्या भोवतालच्या माणसांना, वर्तुळ करून. ज्या वर्तुळांत लगेच दिली, तिथे लस घेतलेल्यांमध्ये दहा दिवसांनंतर एकही नवा रुग्ण आला नाही.

निपाहकडे पाहताना हे वर्तुळ डोळ्यांसमोर ठेवायला हवं. १९९८-९९ मध्ये मलेशियात तो डुकरांतून माणसांत आला, १०५ माणसं दगावली आणि दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. केरळात तो २०१८ पासून पुन्हा पुन्हा येतो आहे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही एनआयव्हीला त्याच्या खुणा सापडल्या आहेत, महाराष्ट्रात माणसाला मात्र लागण झालेली नाही. त्यावरचं 'एम १०२.४' हे प्रतिपिंड, निपाहच्या मलेशियातल्या वाणाची लागण केलेल्या आफ्रिकन हिरव्या माकडांना पाचव्या दिवसापर्यंत दिलं तरी ती सगळी वाचली. ब्रिस्बेनमध्ये ४० निरोगी माणसांना देऊन ते सुरक्षित आहे हेही पाहून झालं. २०१८ मध्ये केरळाने ते ऑस्ट्रेलियातून मागवलं होतं. पण निपाहच्या साथीत रुग्ण मूठभर असतात, त्यांच्यावर पामसारखी चाचणी एका साथीत पुरी होणं शक्य नाही. केरळ आणि बांगलादेश यांनी एकच आराखडा आधी ठरवून, मंजुऱ्या घेऊन ठेवला, तर दर साथीतले दोन-चार जण त्यात जमा होत जातील.

आणि त्या आराखड्यात सुरुवात अत्यवस्थ रुग्णांपासून होऊ नये. केरळातल्या पेरांब्राच्या रुग्णालयात २०१८ मध्ये निपाहच्या रुग्णाची शुश्रूषा करता करता लागण होऊन एक तरुण परिचारिका गेली. अशा परिचारिकेला, रुग्णाच्या उशाशी बसलेल्या भावाला, आपण त्याच्याजवळ कोणत्या दिवशी होतो हे नेमकं सांगता येतं. लागणीचा दिवस माहीत असणारी माणसं तीच. हिरव्या माकडांनी पाचव्या दिवसाबद्दल जे सांगितलं, ते खरं आहे का हे त्यांच्याच बाबतीत तपासता येईल. त्यासाठी औषध कोझिकोडच्या शीतपेटीत आधीपासून ठेवलेलं लागेल, कारण ऑस्ट्रेलियाहून मागवायला घेतलं तर पाचवा दिवस विमानतळावरच उजाडतो.