खुंटांत दडलेलं रान

सहाराच्या दक्षिण काठावरचा नायजर. १९८३ साली टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथल्या माराडी भागात गाडीत रोपं घालून गावोगाव हिंडत होते. लावलेली बहुतेक रोपं मरत होती. एके दिवशी गाडी वाळूत रुतू नये म्हणून चाकांतली हवा कमी करायला ते खाली उतरले आणि कडेच्या झुडपाची पानं त्यांनी निरखून पाहिली. ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाच्या खुंटाला फुटलेले धुमारे होते ते! असे खुंट शेताशेतांत होते आणि त्यांचे धुमारे शेतकरी दर पेरणीआधी छाटून टाकत होते.

नव्या रोपाला वाळूत मूळ रुजवायलाच जीव आटवावा लागतो. खुंटाची मुळं आधीच खोल ओलीपर्यंत गेलेली असतात. चार-पाच जोमदार धुमारे राखायचे, बाकीचे काढायचे, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. एवढ्यावर झाड सरसर वाढतं. त्यातही तिथला 'गाओ' वृक्ष विलक्षण. तो पावसाळ्यात पानं गाळतो आणि कोरड्या दिवसांत हिरवा असतो. म्हणजे बाजरीला ऊन मिळतं, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळतं आणि चाराटंचाईत गुरांना शेंगा.

मग शेतकरी धुमारे तोडत का होते? वसाहतकाळापासून झाड सरकारच्या मालकीचं. स्वतःच्या शेतातलं तोडलं तरी दंड. जे आपलं नाही ते कोण राखणार? १९८४ च्या दुष्काळात धुमारे राखण्याच्या बदल्यात धान्य दिलं गेलं. धान्य थांबताच बऱ्याच जणांनी पुन्हा कुऱ्हाड उचलली. झाडं टिकली ती वनखात्याची पकड सैल होऊन शेतकऱ्याला ती आपली वाटू लागली, तेव्हा. पुढच्या दोन दशकांत सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली, तीही जवळजवळ रोपं न लावता.

मोबदला कशाचा द्यायचा, हेही महत्त्वाचं. केनियात पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी १९७७ पासून बायकांना रोपामागे थोडे पैसे दिले, पण ते रोप जगल्यावर. मला ही अट फार मोलाची वाटते. २०३० पर्यंत आफ्रिकेतली १० कोटी हेक्टर जमीन सावरण्याचा 'एएफआर१००' हा संकल्प २०१५ मध्ये जाहीर झाला. त्यातला निधी लावलेल्या रोपांच्या आकड्यावर वाटला, तर तो वाळूत जिरेल. तो गावाच्या बैठकांना, छाटणी शिकवण्याला, मोकाट गुरांबाबत शेजारच्या पशुपालकांशी होणाऱ्या बोलण्यांना आणि चार-पाच वर्षांच्या धीराला लागतो.

शेतकऱ्याला मात्र पहिला मोबदला पहिल्याच छाटणीत मिळतो: घरच्या चुलीपुरतं सरपण.