कोर्टाने सांगितलेला पालकत्वाचा वर्ग

आजचा विषय फलकावर जरा लांबलचक लिहिलाय, तेव्हा सोप्या शब्दांत सांगतो. नवरा-बायको वेगळे होत असतात, किंवा मुलाच्या बाबतीत सरकारी यंत्रणा मध्ये पडलेली असते. अशा वेळी कोर्ट किंवा ती यंत्रणा आई-वडिलांना म्हणते, आधी पालकत्वाचा वर्ग करा, प्रमाणपत्र आणा, मग पुढचं बघू. बऱ्याच ठिकाणी हा वर्ग आता घरबसल्या ऑनलाइन करता येतो. तो कसला असतो, केल्याने काय साधतं आणि काय साधत नाही, एवढंच आज आम्ही सांगणार आहोत. आमच्यात वकिली करणारे आहेत, समुपदेशन करणारेही आहेत. त्यामुळे मध्येच कलमं येतील, ती सांभाळून घ्या.

आता हा विषय ताथवड्यात कशाला? २००९ साली ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तेव्हा शेतं होती, वळू-माता प्रक्षेत्र होतं, महाविद्यालयं होती. आज खिडकीतून बाहेर बघा, टॉवरच टॉवर. हिंजवडी इथून हाकेच्या अंतरावर, आणि अमेरिकेत कुणीच नाही असं घर शोधावं लागेल अशी परिस्थिती. लग्न इथलं, नोकरी तिथली, मूल तिथे जन्मलेलं. आणि बिनसलं की एक जण मुलाला घेऊन आई-वडिलांकडे ताथवड्यात, दुसरा तिकडेच. मग एक दिवस तिथल्या वकिलाचा ईमेल येतो. त्यात लिहिलेलं असतं की पालकत्वाचा वर्ग अमुक तारखेच्या आत पूर्ण करा. घरात सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया एकच, ‘म्हणजे आम्हाला मूल सांभाळता येत नाही असं म्हणायचंय का यांना?’

तसं नसतं. आधी हे डोक्यातून काढा. फ्लोरिडा राज्याचं उदाहरण घ्या. तिथे घटस्फोटाच्या प्रकरणात अज्ञान मूल असेल तर दोन्ही पालकांना किमान ४ तासांचा वर्ग करावाच लागतो. अर्ज करणाऱ्याने अर्ज केल्यापासून ४५ दिवसांत, समोरच्याने नोटीस बजावल्यापासून ४५ दिवसांत. तुम्ही चांगले पालक की वाईट, हा प्रश्नच तिथे कुणी विचारत नाही. इलिनॉयमध्येही ४ तास. टेक्सासमध्ये न्यायाधीशाला योग्य वाटलं तर ४ ते १२ तास. न्यू जर्सीने १९९९ साली यासाठी वेगळा कायदाच केला. वाहन परवान्याआधी लेखी परीक्षा असते ना, तसं समजा. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

पण दुसरा एक प्रकार आहे, आणि त्यात मात्र गल्लत परवडत नाही. मुलाच्या सुरक्षिततेबद्दल तक्रार झाली, तिथल्या बालसंरक्षण विभागाने मूल ताब्यात घेतलं, आणि पालकांना एक योजना लिहून दिली, की हे हे करा, मग मूल परत मिळेल. त्यात पालकत्वाचा वर्ग असतोच. हा वर्ग ४ तासांचा नसतो, अनेक आठवड्यांचा असतो, आणि पुष्कळदा प्रत्यक्ष हजेरी मागतात. इथे कुणी इंटरनेटवरून घटस्फोटवाला स्वस्तातला वर्ग करून प्रमाणपत्र पाठवलं तर ते बाजूला ठेवलं जातं. आणि तेवढ्यात घड्याळ चालू असतं. अमेरिकेच्या १९९७ च्या संघीय कायद्यानुसार, मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखभालीत राहिलं, तर काही अपवाद सोडून राज्याला पालकांचे हक्कच संपवण्यासाठी कोर्टात जावं लागतं. संपवण्यासाठी! म्हणून ‘बघू, पुढच्या महिन्यात करू’ हे तिथे चालत नाही. चुकीचा वर्ग केला आणि दोन महिने गेले, तर ते दोन महिने परत येत नाहीत.

म्हणून पैसे भरण्याआधी आदेश शांतपणे वाचा. किती तासांचा वर्ग मागितलाय? ऑनलाइन चालेल असं स्पष्ट लिहिलंय का? मान्यताप्राप्त संस्थांची यादी जोडलीय का? फ्लोरिडात अशी यादी राज्याचा विभागच ठेवतो. संकेतस्थळावर ‘सर्व कोर्टांत मान्य’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. मान्य करणार तुमचं कोर्ट, जाहिरात नव्हे. प्रमाणपत्रावरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं, असा गोंधळ असतो. तो तिथल्या कारकुनाला कळणार नाही. शुल्क परवडत नसेल तर सवलत मिळते का, हे विचारायला लाजू नका. आणि वर्ग थेट प्रक्षेपणाचा असेल तर वेळ बघा. तिकडचे उन्हाळ्यातले संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार.

दोघांनी एकत्र बसून वर्ग करायचा नसतो. वेगवेगळा करायचा. खोलीत मूल नको. आणि हे जरा नाजूक आहे, पण सांगतोच : खोलीत आजी-आजोबाही नकोत. दोन बेडरूमचं घर असतं, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, आणि मागून सूचना येतात, ‘हे लिही, ते लिही, तो कसा वागला ते सांग.’ वर्गात जोडीदाराची तक्रार सांगायची नसते. तिथे ती ऐकून घेणारं कुणी नसतं.

मग शिकवतात काय? ओहायो विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला एक जुना कार्यक्रम आहे, ‘चिल्ड्रन इन द मिडल’. नावातच सगळं आलं. मधल्या मध्ये अडकलेली मुलं. आई-वडील वेगळे होतात यापेक्षा त्यांच्या भांडणात मूल ओढलं जातं, हे मुलाला जास्त बाधतं, या पायावर असे बहुतेक वर्ग उभे आहेत. मुलाला निरोप्या करू नका, हा त्यातला पहिला धडा.

हा धडा ऐकायला सोपा वाटतो. आपल्या घरातलं बोलणं आठवून बघा. ‘बाबांना सांग, शाळेची फी राहिलीय.’ ‘आईला म्हणावं, भूमकर चौकात अडकलो होतो, मुद्दाम उशीर नाही केला.’ सात वर्षांचं मूल हे दोन्ही निरोप पोचवतं. फीचा निरोप दिला की बाबांचा चेहरा बदलतो. उशिराचा दिला की आई म्हणते, ‘ह्यांचं नेहमीचंच.’ म्हणजे दोन्हीकडचा राग पहिल्यांदा बघतं ते मूल. तिसऱ्या खेपेला ते निरोप गाळायला लागतं. चौथ्या खेपेला थोडा बदलून सांगतं, दोघांनाही बरं वाटेल असा. मग आपण म्हणतो, मूल खोटं बोलायला शिकलं. वर्गात सांगतात ते इतकंच : फीचा संदेश थेट एकमेकांना पाठवा, दोन ओळींत, तारीख आणि रक्कम लिहून, जुनं काही न उकरता. असे चार संदेश वर्गात लिहून घेतात. लिहिताना कळतं, दोन ओळींत थांबणं किती कठीण आहे ते.

चार तासांत माणूस बदलतो का? नाही बदलत. उगाच आशा लावत नाही. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत ‘न्यू बिगिनिंग्ज’ नावाचा कार्यक्रम तयार झाला, त्यात ११ गटबैठका होत्या, घरी सराव होता. त्यात भाग घेतलेल्या कुटुंबांतली मुलं ६ वर्षांनी तपासली, पुन्हा १५ वर्षांनी तपासली, तेव्हा मानसिक त्रासाचं प्रमाण कमी दिसलं. म्हणजे पालकत्व शिकवता येतं, त्याचा परिणाम टिकतोही. पण तो ११ बैठकांचा आणि सरावाचा परिणाम. व्हिडिओ मागे चालू ठेवून शेवटी बरोबर पर्यायावर टिचकी मारणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही.

आता आपल्याकडे काय, ते बघू. आपल्या कायद्यात असा ठरावीक तासांचा सक्तीचा वर्ग नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ ने समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं आणि कलम ६ ने समुपदेशकांची सोय केली. पुण्यात १९८९ पासून कौटुंबिक न्यायालय आहे. तिथे तुम्हाला समुपदेशकापुढे बसवतात, मुलाच्या भेटीच्या वेळा ठरवतात. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात मुलाचा ताबा, संयुक्त पालकत्व, दोघांनी मिळून लिहायचा पालकत्वाचा आराखडा यांवर सविस्तर शिफारशी केल्या. संसदेने त्याचा कायदा केलेला नाही. आमच्या मते करायला हवा होता.

त्यामुळे एखाद्या पालकाने स्वतःहून ऑनलाइन वर्ग केला आणि प्रमाणपत्र पुण्याच्या न्यायालयात लावलं, तर बिघडत काही नाही, पण ते हुकमाचं पानही नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ सांगतं, मुलाचं कल्याण सर्वांत वर. न्यायाधीश बघतात की भेटीच्या दिवशी मूल वेळेवर आणलं का, ठरलेला व्हिडिओ कॉल लावून दिला का. व्हिडिओ कॉलचं तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात स्पष्टच सांगितलं, की प्रत्यक्ष भेटता येत नसलेल्या पालकाला मुलाशी असा संपर्क मिळाला पाहिजे.

समुपदेशन पडद्यावर होऊ शकतं का, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला आहे. २०१७ साली संथिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने सांगितलं, की समेटाच्या टप्प्यावर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग नको. गुप्तता राहत नाही, आणि समोरासमोर बसल्यावर जे होतं ते पडद्यावर होत नाही, असा बहुमताचा विचार. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं. मग कोविड आला आणि सगळंच पडद्यावर गेलं. आमचा अनुभव दोन्हीकडे आहे. शिकण्यासाठी पडदा चालतो. तडजोडीसाठी मात्र माणूस समोर लागतो, तो गप्प बसला तर का बसला हे दिसावं लागतं.

मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १८ लागतं. त्यात बाल न्याय मंडळ मुलाबरोबर आई-वडिलांचंही समुपदेशन करायला सांगू शकतं. हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरचा अपघात झाला, दोन तरुण अभियंते गेले, आणि जामिनाच्या अटींमधला ३०० शब्दांचा निबंध सगळ्यांच्या तोंडी झाला. लोक चिडले ते का? निबंध लिहून होतो आणि अट संपते म्हणून. पालकत्वाच्या वर्गावर हाच आक्षेप घेता येतो, आणि तो आम्ही खोडत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-क आलं. अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. त्या कलमात वर्ग नाही, थेट शिक्षा आहे. शिक्षेने किल्ली कपाटात जाईल. मुलाशी काय बोलायचं, ते वर्गातच शिकायला मिळेल.

एक इशारा. घरात मारहाण, धमक्या असतील तर ‘दोघं मिळून मुलासाठी’ ही भाषा धोक्याची ठरू शकते. न्यू जर्सीच्या कायद्यात संरक्षण आदेश असलेल्या प्रकरणाला या वर्गातून वगळलं आहे, ते उगाच नाही. असं काही असेल तर वर्गाला नाव नोंदवण्याआधी वकिलाला सांगा.

चिठ्ठ्या आल्यात, त्यातली एकच घेतो, वेळ झालीय. विचारलंय : ‘मुलगी माहेरी आलीय, तिकडच्या कोर्टाने वर्ग करायला सांगितलाय. इथून केला तर तिकडचा खटला मान्य केला असं होईल का?’

फार चांगला प्रश्न आहे. नरसिंह राव प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी घटस्फोट आपल्याकडे कधी मानायचा याच्या कसोट्या घालून दिल्या. समोरच्याने त्या कोर्टाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केला होता का, ही त्यातली एक मोठी कसोटी. म्हणून तिकडच्या खटल्यात टाकलेलं प्रत्येक पाऊल मोजून टाकायचं. अधिकारावरच आक्षेप असेल तर तो आधी तिकडच्या वकिलामार्फत लेखी नोंदवा, आणि वर्ग तो आक्षेप कायम ठेवून करतोय असंही लिहून घ्या. पण ‘आम्ही भारतात आहोत, आमचं काय वाकडं करणार’ म्हणून आदेश दुर्लक्षित करू नका. भारताने १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही, हे खरं. तरी मुलाच्या ताब्याचा परदेशी आदेश आपली कोर्टं विचारात घेतातच, आणि उद्या मुलीला तिकडे नोकरीवर परत जायचं असेल तर ती फाइल तिथेच उघडी असते. तेव्हा आदेशाची प्रत घेऊन एक वकील इथला आणि एक तिथला, दोघांना दाखवा. ४५ दिवसांची मुदत असेल तर या आठवड्यातच.