पातळ पोलादी नळी का तुटते? गोल्फची काठी, पॉलिहाउस आणि खोडदची डिश

पीएचडीच्या मुलाखतीत "तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?" असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात. "हलक्या वजनाच्या स्टीलचा अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नाही. विषयातून प्रश्न कसा काढायचा, हे आज एका साध्या उदाहरणावरून बघू. हलकी पोलादी नळी का तुटते? "पातळ होती म्हणून तुटली" हे उत्तर चहाच्या टपरीवर चालून जातं, संशोधनात चालत नाही. तशाच नळ्या वर्षानुवर्षं टिकलेल्याही दिसतात, मग त्यांचं काय?

पहिली नळी: गोल्फची काठी

जुन्नर-आंबेगावात गोल्फची काठी फारशी कोणी हातात धरली नसेल, पण अभ्यासाला ती उत्तम वस्तू आहे. पूर्वी ती हिकरी नावाच्या लाकडाची असायची. अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये पोलादी काठीला नियमाने परवानगी मिळाली. ही काठी म्हणजे आतून पोकळ नळी. हाताकडे साधारण १५ मिमी जाड, डोक्याकडे निमुळती होत ९ मिमीच्या आसपास. नेहमीच्या पोलादी काठीचं वजन १२०-१३० ग्रॅम असतं, हलक्या काठ्या १०० ग्रॅमच्याही खाली जातात.

वजन कमी करायचं कसं? पोलादात काहीही मिसळा, घनता जवळपास तीच राहते, घनमीटरला ७,८५० किलोच्या आसपास. म्हणून बाहेरचा आकार तोच ठेवायचा असेल तर एकच वाट उरते, नळीची भिंत पातळ करणं. मग कारखानदार जास्त मजबूत पोलाद वापरतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मिश्रधातू आणि उष्णता-प्रक्रिया यांनी पोलादाची ताकद वाढते, पण ताठपणा (म्हणजे दिलेल्या भाराला ते किती वाकतं) जवळजवळ बदलत नाही. तो २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. ताकद आणि ताठपणा यांची गल्लत करू नका, पुढे याच फरकाचं काम पडणार आहे.

अशी काठी एका फटक्यात क्वचितच तुटते. ती हजारो फटक्यांनी थकते. यालाच फटीग म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर याचा पद्धतशीर अभ्यास केला. एका वेळी सहज पेलता येणारा भारसुद्धा पुन्हा पुन्हा आला तर बारीक भेग पडते आणि हळूहळू वाढत जाते.

आता पातळपणाचा नेमका परिणाम बघा. समजा गंजाचा ०.१ मिमी खोल खड्डा पडला. भिंत ०.८ मिमी असेल तर तो जाडीचा आठवा भाग. भिंत ०.४ मिमी असेल तर तोच खड्डा चौथा भाग झाला! शिवाय बाहेरचा व्यास तोच ठेवून भिंत अर्धी केली की वाकताना येणारा ताण साधारण दुप्पट होतो. फटीगमध्ये आयुष्य ताणाच्या पाचव्या घाताने घटतं असं उदाहरणापुरतं धरलं, तर दुप्पट ताणाला आयुष्य ३२ पट कमी. आकडा धातूप्रमाणे बदलेल, पण दिशा हीच राहील.

काठी बहुधा तुटते ती डोक्याच्या तोंडाशी, जिथे नळी आत शिरते तिथे. वर लवचीक नळी, खाली जाड डोकं, त्यामुळे ताण तिथेच गोळा होतो. ओल तिथेच साचते, वरचा क्रोमचा मुलामाही तिथेच तडकतो. म्हणजे उत्तर असं बनलं: वारंवार येणारा भार, ताण गोळा होणारी जागा आणि गंज, हे तिन्ही एकत्र आले. पातळपणामुळे या तिघांना सोसायची ऐपत तेवढी कमी झाली.

दुसरी नळी: पॉलिहाउसचा पाइप

आता आपल्या भागात येऊ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात पॉलिहाउसचं मोठं नुकसान झालं. पॉलिहाउसचा सांगाडाही हलक्या पोलादी नळीचाच, जस्ताचा थर दिलेला जीआय पाइप. मग कारणही तेच का?

तसं गृहीत धरता येत नाही. वादळाचा भार काही तासांचा असतो, हजारो फटक्यांचा नसतो. दाबाखाली आलेला लांब, सडपातळ पाइप तुटायच्या आधी बाजूला झुकतो आणि मग दुमडतो, शीतपेयाची नळी दोन्ही टोकांनी दाबल्यावर दुमडते तसा. याला बकलिंग म्हणतात. त्याचं गणित अठराव्या शतकात ऑयलर यांनी मांडलं. अशा पाइपची भार पेलायची मर्यादा ताठपणावर आणि लांबीच्या वर्गावर ठरते, पोलादाच्या ताकदीवर नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? शेतकऱ्याने जास्त पैसे मोजून जास्त ताकदीच्या पोलादाचा तेवढ्याच मापाचा पाइप आणला, तरी बकलिंगला फार फरक पडणार नाही. उलट त्याच पाइपला मधोमध पक्का आडवा आधार दिला, तर मोकळी लांबी अर्धी होते आणि गणिताप्रमाणे क्षमता चौपट होते. निदान चुकलं तर कर्जाचे पैसे चुकीच्या जागी जातात, आणि पुढच्या वादळात सांगाडा पुन्हा बसतो.

तिसरी शक्यताही तपासावी लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळतं आणि भोक पाडलं की कडेचं पोलाद उघडं पडतं. गंज तिथून सुरू होतो. पाइप मातीत शिरतो तिथे ओल टिकते, त्यामुळे ती जागाही बघायलाच हवी.

तिसरी नळी: खोडद

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. या डिशचा सांगाडाही पोलादी नळ्यांचाच आहे. पण त्यावर पत्रा नाही. स्टेनलेस स्टीलच्या दोऱ्यांवर ताणून बसवलेली, ०.५५ मिमी तारेची जाळी आहे.

जाळी चालते कशी? दुर्बीण साधारण २१ सेंमी ते २ मीटर लांबीच्या लहरी पकडते, आणि जाळीची भोकं १ ते २ सेंमीची. लहरीच्या मानाने भोक लहान, म्हणून लहरीला ती जवळजवळ अखंड आरशासारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किमीच्या जागी १३३ किमीचा वारा आला तर जोर सुमारे ११ पट होतो. इथे नळी जाड करत बसण्याऐवजी तिच्यावर येणारा भारच कमी केला आहे. पॉलिहाउसला ही सोय नाही, कारण त्याचा कागद वारा अडवतोच.

मग प्रश्न कसा लिहायचा?

एकाच तालुक्यात हलक्या नळीच्या दोन रचना आहेत, आणि वाऱ्याशी दोघींचं नातं वेगळं आहे. म्हणून "हलकं स्टील का तुटतं" असं न लिहिता असं लिहून बघा: "अमुक मापाच्या जीआय पाइपचा पॉलिहाउस वाऱ्यात कोसळतो तेव्हा आधी बकलिंग होतं, की गंजलेला जोड आधी सुटतो?" हा प्रश्न मोजता येतो. उत्तर "नाही" असंही येऊ शकतं, म्हणून तो संशोधनाचा प्रश्न आहे.

तुटलेला तुकडा हाती आला तर आधी हे बघा:

- तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा आणि उरलेला भाग खरखरीत दिसला, तर फटीगचा संशय घ्या. रेषा जिथून सुरू होतात तिथे भेगेचा उगम शोधा.
- नळी चेपून दुमडलेली असेल, तर बकलिंग.
- एकाच जबर भाराने तुटली असेल, तर तोंडाजवळ ताणल्याच्या किंवा वाकल्याच्या खुणा बहुधा दिसतात.

आणि एक पथ्य पाळाच. जुळतात का बघायला दोन तुटके तुकडे एकमेकांवर दाबू नका आणि गंज पॉलिश पेपरने घासू नका. पुरावा त्याच पृष्ठभागावर असतो, आणि तो पुसला की पुन्हा मिळत नाही. आधी फोटो, मग मोजमाप, नंतर हात लावायचा.