उबेआधी टाच पाहावी

पौषातल्या पहाटे शहाबादी फरशी अशी गार पडते की, अंथरुणातून पाय खाली ठेवणेही वृद्धांना नकोसे होते. मग वडिलांसाठी हौसेने मऊ, लोकरी सपाता आणल्या जातात आणि कित्येकदा त्याच घात करतात. टाच उघडी असल्याने सपात निसटू नये म्हणून ते पाय न उचलता फरफटत चालतात आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडखळतात.

म्हणून मागून बंद, वेलक्रोच्या पट्टीने आवळता येणारे आणि खाचांचा रबरी तळ असलेले पादत्राण घ्यावे. गुबगुबीत तळ टाळावा. त्यावरून पावलाला जमिनीचा अंदाज येत नाही. दिवसभरात पावले सुजतात, तेव्हा माप संध्याकाळी, मोजे घालूनच पाहावे.

मधुमेहात पायाची संवेदना मंदावली असेल, तर टोचणारी शिवण वा आत गेलेला खडा कळत नाही. अशांनी पाय घालण्यापूर्वी रोज आतून हात फिरवावा. पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी तर नकोच.

‘घरात कसली पायताणे!’ असे म्हणणाऱ्या आजोबांची अडचण खरी आहे. त्यांचा हा जोड घराबाहेर कधीच नेऊ नये आणि देवघरापाशी तो बसून काढता यावा, यासाठी तिथे एक खुर्ची ठेवावी.